कात टाकली की कळवा

कवठे महांकाळ
१३ जुलै

चि. चंदना हिस,

आप्पांचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

खेकडा जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण बाकीचं वाचायला तुला वेळ असेल की नाही कोण जाणे. आत्ताच उठून बघून आलो. टपाच्या कोपऱ्यात, कौलाच्या तुकड्याखाली बसला आहे. डोळे बाहेर काढतो, पुन्हा आत घेतो. म्हणजे जिवंतच ना?

तू गाडी चालू ठेवूनच फाटकाशी उभी राहिलीस, त्यामुळे मला धड काही विचारता आलं नाही. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं, कानातलं मशीन त्या दिवशी शिट्टी मारत होतं. म्हणून लिहितो. फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, आणि तुला वाटतं मी रागावलो.

तू आईला जे सांगितलंस ते तिनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, त्यामुळे ते गल्लीलाही कळलं आहे. मला जे समजलं ते बरोबर आहे का बघ. कोयनानगरच्या वरच्या अंगाला कातळावर एक झरा आहे. ही जात त्या झऱ्यातच सापडते, दुसरीकडे कुठं नाही. तिथल्या मादीवरून तू ही जात वेगळी आहे असं छापलंस आणि तिला नाव दिलंस. मग कुणा मोठ्या साहेबांनी छापलं की वेगळी-बिगळी काही नाही, बाईंची चूक झाली. तेव्हापासून तू त्या कलकत्त्याच्या म्युझियममध्ये दुसऱ्यांनी नावं दिलेल्या खेकड्यांच्या बाटल्यांत स्पिरिट भरत बसली आहेस. नर मिळाला की निकाल लागेल, कारण खेकड्याची जात नराच्या पोटपट्टीखालच्या बारीक काड्यांवरून ओळखतात. (हे सांगताना तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला.) इतक्या पावसाळ्यांनंतर हा एक नर सापडला, पण तो अजून वयात आलेला नाही. आणखी एकदा कात टाकली की येईल. कलकत्त्यापर्यंत रेल्वेत टिकायचा नाही, म्हणून इथं ठेवलास. "कात टाकली की कळवा, मी लगेच येते," असं म्हणालीस.

आमच्याकडंच का, तेही तू आईला सांगितलंस म्हणे, आणि हसलीस म्हणे. कोयनेला जयराज तुला डोंगर दाखवतो, पण त्याच्या घरी ठेवला तर संध्याकाळी रश्श्यात जाईल. साताऱ्याची तुझी मैत्रीण क्रांती फार चांगली, पण तिचा नवरा खेकड्यासाठी जीव टाकतो. अख्ख्या सातारा-सांगलीत खेकडा खात्रीनं जिवंत राहील असं तुझ्या ओळखीचं एकच घर निघालं. तेही हेच. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

कात टाकल्यावर तू येऊन त्याचं काय करणार ते मला ठाऊक आहे. ते मी विचारत नाही.

टप मागच्या बेदाणा शेडमध्ये ठेवला आहे. हिरव्या जाळीमुळे तिथं ऊन येत नाही. पण उंदीर आहेत. उंदीर खेकडा खातो की खेकडा उंदीर? त्याला भोपळ्याची फोड आणि भाकरीचा तुकडा घातला. कांदा, बटाटा, गाजर आपल्या घरात येत नाही ते तू विसरली नसशील. पाणी मी स्वतः गाळून, उकळून, गार करून घालतो. काळजी करू नकोस.

तुझे आप्पा


२८ जुलै

चि. चंदना,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी. "पाणी उकळू नका आणि गाळूही नका. विहिरीचं आहे तसं घाला." घातलं. पण न गाळलेलं पाणी ओतण्याआधी णमोकार म्हटला, ते लिहून ठेवतो. आजवर मी गुरालासुद्धा फडक्यातून गाळूनच पाणी दिलं. तू म्हणशील, त्या गाळण्यात जे अडकतं तेच त्याचं खाणं. असेल. म्हणजे त्याला जगवायचं तर त्या बारीक जिवांचं काय? हे असं एकात एक अडकलेलं असतं, म्हणून मी शाळेत सातवीच्या पुढं गेलो नाही.

तो मंद दिसतो. बोट नेलं की आधी नांगी उगारायचा, आता नुसता बघतो. रंगही उतरला का, की मलाच दिसत नाही? पाठ जांभळट होती ना? पाय तांबडे होते ना? पारसला बघायला सांगितलं. (पारस म्हणजे तुझ्या धाकट्या काकांचा. तू गेलीस तेव्हा कॉलेजात होता, आता बेदाण्याचा सगळा व्यवहार तोच बघतो.) पारस म्हणाला, "आप्पा, खेकडा हाय त्यो, गायीगत चेहरा थोडाच व्हनार हाय!"

शेडला बेदाणा निवडायला शालूबाई येते. ती रोज टपात वाकून बघते. गेल्या आठवड्यात म्हणाली,

"आवं आप्पा, किती बारीक झालाय त्यो! द्या माझ्याकडं. पंधरा दिसांत गुबगुबीत करते."

"आणि मग?"

"मग काय! वाटण माझं, खेकडा तुमचा."

सगळ्या बायका हसल्या. त्या दिवसापासून टपावर जाळी आणि जाळीवर दगड ठेवला आहे. शालूबाई मनानं चांगली आहे, पण आषाढ चालू होता, आणि त्यांच्यात आषाढात फार चालतं.

कोयनेची बातमी तुला जयराजनं कळवली असेलच. त्यानं पारसला फोन केला होता. आठवडाभर पाऊस थांबला नाही आणि कातळाखालची दरड खाली आली. झरा गाडला गेला. ऐकल्यापासून मी टपाकडे जरा जास्तच जातो. म्हणजे आता हा एकच. तू हा माझ्याकडं ठेवलास तेव्हा एकच आहे असं मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. माहीत असतं तर माझ्याकडं ठेवला असतास का?

उत्तर जरा मोठं लिही. आईचे गुडघे दुखतात, ती शेडपर्यंत येत नाही. मी एकटाच बघतो.

आप्पा


१० ऑगस्ट

चि. चंदना,

तू एवढं रागावून लिहायला नको होतंस. मला काय ठाऊक?

खेकडा रात्रीचा खातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवसा घालायचो आणि सूर्य मावळायच्या आत उरलेलं काढून घ्यायचो. तुला वाटेल म्हातारा खुळा झाला. पण तू या घरात वाढलीस. या घरात दिवस मावळल्यावर कधी ताट मांडलेलं बघितलंस का? मला वाटलं, आपल्या छपराखाली आहे तोवर आपल्या हातून त्याला पाप घडू नये. तो बिचारा दिवसभर कौलाखाली झोपायचा, आणि जेवायची वेळ झाली की मी ताट उचलायचो. बरेच दिवस असंच चाललं. म्हणून मंद झाला होता.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं आधी मला नीट बघून घेतलं.

"त्याला तुमी नेम दिला व्हय?"

"नेम नाही. पण—"

"मुनी हाय का त्यो? रातचं न्हाई, कांदा न्हाई, पानी गाळून! आता फकस्त मोरपिसांची पिंछी तेवढी द्यायची ऱ्हायली त्याच्या नांगीत."

असं बोलू नये, पण हसू मलाही आलं. मग तिनंच तोड काढली. ठेवायचं दिवसा. काढायचं दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात त्यानं खाल्लं तर ते त्याचं त्याच्याकडे. तसंच चालू आहे. पहिल्या सकाळी भोपळ्याची फोड कुरतडलेली दिसली आणि मी पारसला हाक मारून दाखवली. आता तो नांगी उगारतो. पाठ जांभळी आहे. माझी नजर तेवढी वाईट नाही.

पण चंदना, आता दुसरीच काळजी लागली. खाल्लं की अंगी लागेल, अंगी लागलं की कात टाकेल. कात टाकली की तू येशील. तू आलीस की... शालूबाईच्या दारात दरवर्षी एक बोकड असतो. ती त्याला पोरासारखं जपते, नावानं हाक मारते, कडबा नाही तर हिरवं घालते. मी तिला नेहमी विचारायचो, बाई, तुझ्या घशाखाली घास उतरतो कसा? आता रोज दिवस मावळायच्या आधी मी भोपळा कापतो तेव्हा ती माझ्याकडं बघते. बोलत नाही. पण बघते.

तू यावंस असं मला वाटतं. हे मी पत्रात लिहिलं आहे, म्हणजे खरं आहे. त्या वर्षी तू स्पिरिटमधल्या खेकड्याची काचेची बाटली घेऊन आलीस, मी म्हणालो बाटली अंगणातच ठेव, आणि तू बाटलीसकट गेलीस. मी बाटलीला म्हणालो होतो. तुला नव्हतं.

असो. तो कात टाकताना त्याला काही मदत लागते का? बाळंत होणाऱ्या बाईमाणसासारखं? लगेच लिही.

आप्पा


२१ ऑगस्ट

चि. चंदना,

इकडं सर्व ठीक. पाऊस भुरभुर आहे. पारसनं शेडची जाळी बदलली. देवळात पर्युषणाची तयारी चालू आहे, यंदा प्रवचनाला शिरवळहून पंडित येणार आहेत. आईनं तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्या आहेत, त्या टिकतील.

कानाचं मशीन बिघडलं आहे. दाखवायला कऱ्हाडला जायचं म्हणतो.

विचारून ठेवतो, सहज. कात टाकल्यावर खेकडा मऊ असतो म्हणतात, ते खरं का? किती दिवसांत घट्ट होतो? मऊ असताना तो काही खात नाही आणि बाहेरही येत नाही, तर काळजीचं कारण आहे का? आणि टाकलेली कात तो स्वतःच खातो का, की काढून घ्यावी? टाकली तर काय करायचं ते आधी माहीत असावं म्हणून विचारतो.

टप ठीक आहे.

आप्पा


२ सप्टेंबर

चि. चंदना,

तुझं पत्र आलं. खरं-खोटं सरळ सांगा म्हणून लिहिलंस. साहेबांचं पुस्तक दिवाळीनंतर छापायला जाणार आणि त्यात तू दिलेलं नाव कायमचं खोडलं जाणार, तोवर नर दाखवता आला तरच ते थांबेल, हेही वाचलं. तू म्हणतेस, सगळी नोकरी या एका नावापाशी येऊन थांबली आहे. आईला मी ते वाचून दाखवलं नाही.

पर्युषण चालू आहे. या दिवसांत मी खोटं लिहिणार नाही. म्हणून आज जास्त लिहीत नाही.

आप्पा


८ सप्टेंबर

चि. चंदना,

काल क्षमावाणी झाली. देवळात सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडले. ज्यांच्याशी माझं वर्षभर एक वाक्य झालं नाही त्यांनाही मी उत्तम क्षमा म्हणालो. दरवर्षी तुला छापील कार्ड धाडतो, खाली सही करून. यंदा कार्ड नाही, हे पत्र आहे. सवडीनं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

त्यानं कात टाकली. मागचं सहज विचारलेलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी. जाळी उचलली तर टपात दोन खेकडे. मला वाटलं दुसरा कुठून आला, आता भांडतील, मारतील. मग एक हलेना. काडीनं उचलला तर हलका, नुसतं टरफल. डोळ्यांच्या जागासुद्धा तशाच, नांग्या तशाच, सगळं अंग, आणि आत कुणी नाही. दुसरा कौलाखाली, ओल्या कागदासारखा मऊ, मोठा झालेला. मी तिथंच खाली बसलो. शालूबाई यायच्या आत टरफल धोतराच्या सोग्यात घेतलं आणि वर वाशावर ठेवलं.

आईनं विचारलं, "हाय का बरा?"

"आहे तसाच आहे," म्हणालो.

माझा विचार असा होता. आपल्यात पाणी गाळल्यावर फडक्यात जे राहतं ते फेकत नाहीत. त्याच विहिरीत, हळूच, पाण्याला टेकवून परत सोडतात. जिवाणी म्हणतात ते तुला सांगायला नको, तुझ्या हातूनच लहानपणी सोडवून घेत होतो. ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात. मला वाटलं, हा कोयनेचा आहे, तर कोयनेत सोडावा. दरड आली तरी पाणी कुठं जातं? बाजूनं निघालंच असेल. तुला कळवलं असतं की मेला. तू रडली असतीस, पण तू अशीही यायची नव्हतीस, असं मी मनाला सांगत होतो.

पर्युषण बसायच्या आत पारसला म्हणालो, कानाचं मशीन दाखवायला कऱ्हाडला जाऊ. पिकअपमध्ये बसेपर्यंत त्याला टप दिसला नव्हता. चातुर्मासात गाव ओलांडू नये असं मी लोकांना सांगतो आणि टप मांडीवर घेऊन, वर ओलं पोतं टाकून निघालो.

"आप्पा, बेल्ट लावा."

"टपाला लाव."

"कान टपात हाय व्हय तुमचा?" म्हणाला. पाटणच्या पुढं घाट सुरू झाला तेव्हा म्हणाला, "चंदनाताईला म्हाईत हाय का?" मी मशीन काढून खिशात ठेवलं.

कोयनानगरला जयराजच्या हॉटेलात चहा घेताना माझ्या तळपायाला गुदगुली झाल्यासारखं वाटलं. मग कपबशा वाजल्या म्हणे, मला ऐकू आलं नाही. मी टप पोटाशी धरून उठलो. बाकी कुणी चहासुद्धा खाली ठेवला नाही. जयराज माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बसा वो आप्पा, धरणी आळस देतीया. आमाला रोजचंच हाय." तुला अशा भूकंपाच्या गावात मी इतकी वर्षं एकटी जाऊ दिलं.

मग तो आम्हाला वर घेऊन गेला. शेवटचा चढ पारसनं मला हात धरून चढवला. टप जयराजकडे दिला नाही. वर काही नाही चंदना. तांबड्या मातीचा लोंढा, त्यात उलटी झाडं, आणि खाली रस्ता मोकळा करायला आलेल्या जेसीबीच्या चाकांचे चर. पाणी येतं, पण चिखलाचं, रोज वेगळ्या जागेवरून.

"हितंच व्हता झरा," जयराज म्हणाला. "आता न्हाई."

मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "आप्पा, त्या पल्याडच्या व्हळात सोडा की. खेकडाच हाय, जगंल कुटंबी. न्हाईतर हॉटेलात द्या," आणि हसला.

पल्याडचा ओढा चांगला होता. स्वच्छ होता. पण या विहिरीची जिवाणी त्या विहिरीत सोडत नाहीत. त्या पाण्यातले जीव या पाण्यात मरतात, नाहीतर यातल्यांना मारतात. हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं, आणि ओढ्याच्या काठावर मला तेच नेमकं आठवलं.

खाली उतरताना जयराज तुझ्याबद्दल बोलत होता. मशीन कानात घातलं होतं, बरंचसं ऐकू आलं. म्हणाला, "म्याडम पावसात त्या कातळावर पालथ्या पडून असायच्या. हात बिळात खांद्यापातूर. आमी म्हनायचो, खायचं न्हाईत तर धरता कशापायी? आनि धरलेलं सोडून द्यायच्या की वो! एखादा ठिवायच्या, बाकीचं जितल्या तितं. ह्या बिळातला त्या बिळात चालायचा न्हाई. एकदा म्या तीन खेकडं एकाच भोकात सोडलं, तर मला परत वर धाडलं. म्हनल्या, ज्याचं घर त्याला दे."

हे तुला कुणी शिकवलं ते मी जयराजला सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर पारसनं टपाला बेल्ट लावला.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. आई गुडघे धरत फाटकापर्यंत आली होती. शालूबाईनं शेड झाडताना वाशावरचं टरफल पाडलं होतं, आणि मरून वाळला म्हणून रडत रडत आईकडं नेलं होतं. (होय, शालूबाई रडली.) आईच्या हातात ते टरफल होतं. तिनं टपात बघितलं, टरफलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तीर्थाला जाऊन आला व्हय खेकडा?"

मी म्हणालो, "प्रभावती, ऐक तरी—"

"इतक्या वर्षांनी लेकीला यायला एक निमित्त घावलं. त्ये तुमी धोतरात गुंडाळून ठिवलं?"

"ती आली की तो मरतो."

"आनि ती न्हाई आली तर कोन कोन मरतंय, त्ये बघा की येकदा."

तिनं फोन केला नाही. म्हणाली, मी सांगणार नाही, तुमी लिवायचं. पर्युषणभर तिनं मला वाढलं, पण बोलली नाही. म्हणून तुला मधलं ते चार ओळींचं पत्र गेलं. दहा दिवस मी प्रवचनाला बसलो. कोणत्या दिवशी पंडित काय बोलले ते विचारू नकोस. मी पुढं बसलो होतो आणि मशीन खिशात होतं.

आता माझं म्हणणं लिहितो.

तो वयात आला आहे. कवच घट्ट झालं आहे, मी पेन्सिलीनं हलकेच टकटक करून बघितलं. रात्रीचं खातो. त्याला परत न्यायला जागा राहिली नाही. जातीला नाव तू दिलंस, ते पुसलं तर तो कोण होता हे सांगायला कातळावर तर कुणी उरलेलं नाही. एवढं मला कळलं. यापुढचं माझ्या शाळेच्या बाहेरचं आहे.

तू ये. काय मोजायचं ते मोज, काय बघायचं ते बघ, फोटो काढ. फोटोवर साहेब मानत नसतील का? मी नुसतं विचारतो. आणि आणखी एक विचारतो. तो आपल्या मरणानं गेल्यावर बाटलीत घातला तर चालत नाही का? तसं चालत असेल, साहेब तेवढं थांबत असतील, तर बाटली आणि स्पिरिट इथंच ठेवून जा. कसं घालायचं ते मला दाखव. मी घालीन. माझा हात थरथरतो, पण त्या वेळी मी पारसला धरायला सांगेन.

आणि चालत नसेल, दिवाळीच्या आतच हवा असेल, तर तुझं काम तू कर. मी त्या दिवशी उपास करीन. तुझ्यावर राग म्हणून नव्हे. त्याला मी भोपळा घातला आहे म्हणून.

या वेळी बाटली अंगणात ठेवू नकोस. आत आण. माजघरात मोठ्या पाटावर ठेव, तिथं उजेड चांगला येतो. तेवढा वेळ मी अंगणात बसतो.

टरफल आईनं कापसात ठेवलं आहे. एक पाय मोडला, तो शालूबाईकडून. तिला बोलू नकोस.

रिझर्वेशन मिळालं नाही तर दसऱ्यानंतर आलीस तरी चालेल. त्याला काही घाई नाही. तुझ्या आईला आहे.

तुझे
आप्पा